‘इतिहास घेऊन पुढे काय?’ आणि तारीख नसलेलं एक पत्र

मी समुपदेशक आहे. प्रवेशांचे दिवस आले की माझ्यासमोरच्या खुर्चीत तेच वाक्य येऊन बसतं. “हुशार आहे हो मॅडम, पण इतिहास घ्यायचा म्हणते. इतिहास घेऊन पुढे काय?” माणसं बदलतात, वाक्य बदलत नाही. यंदा ते इतक्यांदा ऐकलं की म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. एका घराशी झालेल्या पाच-सहा भेटींमधलं मोजकंच इथे देते आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. धूमकेतू मात्र तोच ठेवलाय. तो बदलला तर गोष्टच उभी राहत नाही.

वडील स्थापत्य अभियंता, मुलगी सतरा वर्षांची. फॉर्म भरायला तीन आठवडे उरलेले. पहिल्या भेटीत वडील बोलत होते आणि मुलगी बाहीचा सुटलेला धागा ओढत बसली होती. वडिलांनी कल चाचणीचा अहवाल आणला होता. तर्क उत्तम, भाषा उत्तम. “म्हणजे ही काहीही करू शकते. मग हेच का?”

चाचण्यांचे आलेख मी बघते, नाही असं नाही. पण माणूस आपल्या घराबद्दल कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, याकडे माझे कान जास्त असतात. मी विचारलं, “इतिहास शिकलं की हाल होतात, हे तुमच्या कानावर पहिल्यांदा कधी आलं?” हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारते आणि तो सहसा वाया जात नाही.

“कानावर कशाला यायला हवं? घरातच उदाहरण आहे. माझे धाकटे काका. इतिहासात बी.ए. झाले आणि जन्मभर बेकार राहिले.”

मुलीने धागा सोडला. “पण बाबा, ते छापखान्यात होते ना?”

“तेच ते,” वडील म्हणाले आणि विषय संपला.

नंतर मी मुलीशी एकटीशी बोलले. इतिहासच का, तर युद्धांचे व्हिडिओ आवडतात, राजेरजवाड्यांच्या गोष्टी आवडतात. खरं सांगायचं तर इथे मीच धास्तावले. गोष्टी आवडणं आणि इतिहास झेपणं यात फार अंतर आहे. गोष्टीत रमणाऱ्याला एकाच घटनेची दोन उलटसुलट वर्णनं दिली की तो वैतागतो. इतिहासाचा खरा विद्यार्थी तिथेच खुर्ची पुढे ओढतो. पदवीच्या तीन वर्षांत वाट्याला येतात ते कागद, तारखा, लिहिणाऱ्याचे हेतू आणि ‘हे कशावरून?’ हा एकच किरकिरा प्रश्न. त्यामुळे मी तिला काम दिलं. “घरात सगळे सांगतात अशी एक गोष्ट घे आणि ती खरी आहे का ते शोध. नुसतं उत्तर नको, कशावरून ते लिहून आण.” तिने काकांची गोष्ट घेतली. मला तेच हवं होतं, पण सुचवलं मी नव्हतं.

मधल्या भेटीत वडील एकटेच आले. अभियंत्याला इतिहासाचा उपयोग सांगायचा तर मी भूकंपाची गोष्ट सांगते. 1700 सालच्या जानेवारीत जपानच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा आल्या. आधी जमीन हलली नव्हती. त्यामुळे तिथल्या गावप्रमुखांनी आणि व्यापाऱ्यांनी चक्रावून जाऊन दिवस, वेळ, नुकसान असं सगळं लिहून ठेवलं. पॅसिफिक महासागराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाऱ्या पाण्यात उभ्याउभ्या मेलेली झाडं होती. जमीन एकाएकी खचल्याची ती खूण. पण तिथे त्या काळातला एकही लेखी कागद नाही, फक्त मूळ रहिवाशांनी तोंडी जपलेल्या कथा. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी आपल्याकडच्या जुन्या नोंदींवरून लाटांचा प्रवास उलटा मोजला आणि पलीकडच्या भूकंपाची वेळ काढली: 26 जानेवारी 1700, रात्री नऊच्या सुमारास, तीव्रता 9 च्या आसपास. त्या पट्ट्यात आज पूल किंवा इमारत बांधताना हा भूकंप हिशेबात धरावा लागतो.

“यंत्र नव्हतं आणि तरी वेळसुद्धा?” एवढंच ते म्हणाले. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, त्या नोंदी वाचल्या कोणी? जुनी लिपी, जुनं कॅलेंडर, ते जुळवलं कोणी? म्हटलं, तेच तर.

पुढच्या भेटीला दोघं एकत्र आले. मुलीच्या हातात एक लिफाफा होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात, आजोबांच्या कागदांत तिला काकांचं पत्र सापडलं होतं. वर फक्त ‘मंगळवार’. पोस्टाचा शिक्का फासटलेला, साल लागत नव्हतं. मजकूर जेमतेम दहा-बारा ओळींचा. तब्येत ठीक, वहिनींना नमस्कार, आणि मग: दादा, दुसऱ्या वर्षाची फी राहिली आहे, या महिन्यात भरली नाही तर नाव कमी होईल. शेवटी सहज लिहावं तशी एक ओळ होती. पहाटे उठून गच्चीवर गेलो, हॅलेचा धूमकेतू काही धड दिसला नाही.

“यावरून तारीख निघते,” ती म्हणाली. या मुलीचा एवढा ठाम आवाज मी तोवर ऐकला नव्हता. तो धूमकेतू साधारण शहात्तर वर्षांनी येतो. 1531, 1607 आणि 1682 साली दिसलेला धूमकेतू एकच आहे, हे एडमंड हॅलेने जुन्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवूनच ओळखलं होतं. (हे तिने मला समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं.) काकांच्या हयातीत तो एकदाच आला. 9 फेब्रुवारी 1986 ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता. त्याआधी जानेवारीत तो संध्याकाळी दिसायचा, नंतर मार्चमध्ये पहाटे. पत्रात पहाट आहे, म्हणजे पत्र मार्चच्या आसपासचं. तिने काकूंकडून छापखान्यातल्या नेमणुकीचा कागदही पाहून घेतला होता. तो जून 1986 चा होता.

“बाबा, मार्चमध्ये ते दुसऱ्या वर्षाला होते आणि जूनमध्ये नोकरीला लागले. ते बी.ए. झालेच नाहीत. आणि बेकारही नव्हते. निवृत्त होईपर्यंत मुद्रितं तपासायचे.”

वडिलांनी पत्र हातात घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. 1986 मध्ये ते अकरा वर्षांचे होते. खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि अशा वेळी आपण बोलू नये हे शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत. शेवटी ते म्हणाले, “म्हणजे काका शिकून वाया गेले नाहीत. आम्ही त्यांना शिकूच दिलं नाही. माझ्या वडिलांनी पैसे पाठवले नाहीत.”

समुपदेशक म्हणून मला वाटलं, आलं, हेच ते. चाळीस वर्षं ज्याला पैशांची काळजी म्हणत होतो, ती घरातली न बोललेली बोच होती. माझं वाक्य तयारच होतं. पण मुलगी आधी बोलली.

“नाही बाबा. तसं या पत्रावरून म्हणता येत नाही. काकांनी पैसे मागितले, एवढंच यातून कळतं. आजोबांनी पाठवले की नाही, हे कळत नाही. कदाचित पाठवले असतील आणि उशिरा पोचले असतील. कदाचित काकांनीच सोडलं असेल.”

मी माझं वाक्य गिळलं. वडिलांनी अपुऱ्या पुराव्यावर काकांना बेकार ठरवलं होतं. आता तेवढ्याच अपुऱ्या पुराव्यावर ते आपल्या वडिलांना दोषी ठरवत होते, आणि मीही त्यांच्यामागून निघाले होते. थांबली ती सतरा वर्षांची मुलगी, तेही आजोबांना वाचवायचं म्हणून नव्हे. कागद जेवढं सांगतो त्याच्या पुढे पाऊल टाकायला ती तयार नव्हती. तिला इतिहास झेपेल का, ही माझी शंका तिथे मिटली.

वडिलांनी नंतर स्पष्टच विचारलं, “ते सगळं ठीक. पण पोटापाण्याचं खरं सांगा.” तुमच्याही घरात हाच प्रश्न असेल, म्हणून जे त्यांना सांगितलं तेच इथे सांगते.

इतिहासाची पदवी नोकरी हातात ठेवत नाही. संशोधनाची वाट लांब आहे आणि कॉलेजात शिकवण्याच्या कायम जागा थोड्या. नुसत्या पदवीवर थांबणाऱ्याला पुढे अडायला होतं, हे मी बघितलंय. म्हणून इतिहासाला जोड हवीच. एखादी जुनी लिपी किंवा परकी भाषा, कायदा, पत्रकारिता, संगणकावर माहिती हाताळण्याचं कसब, कागद-कापड-धातू जतन करण्याचं शास्त्र, यांतलं एक तरी. ही जोड शेवटच्या वर्षी आठवून उपयोग नाही, पहिल्या वर्षापासून हवी.

जोड असली की वाटा बऱ्याच आहेत. अभिलेखागारं, संग्रहालयं आणि वारसा-जतन या उघड वाटा. वकिली ही कमी सुचणारी, पण मला सर्वांत जवळची वाटणारी, कारण तिथेही साक्षीदार पारखणं हेच काम. बातमीची सत्यता तपासणारे, प्रशासनात जाणारे, मोठ्या संस्थांची जुनी दप्तरं लावणारे आहेत. काही संग्रहालयांत तर एखादं चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं, एवढंच शोधायला माणसं नेमतात. नाझींनी लुटलेल्या कलाकृती शोधून न्याय्य तोडगा काढायची तत्त्वं 44 देशांनी 1998 मध्ये वॉशिंग्टनला मान्य केली, तेव्हापासून या कामाला वजन आलं. जुन्या पावत्या, लिलावाच्या याद्या आणि चौकटीमागच्या चिठ्ठ्या वाचणारी माणसं तिथे लागतात.

बडे लोक इतिहास शिकून कुठे पोचले, याची यादी मी पालकांना देत नाही. ती लॉटरी लागलेल्यांची यादी असते. त्यापेक्षा मुलाला घरातला एक जुना कागद द्या आणि आठवडाभर बघत राहा. कंटाळला, तर बरंच झालं, तीन वर्षं वाचली. आणि दुसरा कागद शोधायला निघाला, तर त्याच्यासाठी जागा करा.

मुलीने फॉर्म भरला: इतिहास, आणि जोडीला एक परकी भाषा. वडिलांची काळजी गेली असं मी म्हणणार नाही. दर सत्राला ते फोन करून विचारतात, “चाललंय ना नीट?” मागच्या फोनवर मात्र तक्रार मुलीची होती. काकांचं पत्र जपून राहावं म्हणून वडील ते लॅमिनेट करून आणायला निघाले होते. तिने ते दारातच काढून घेतलं. लॅमिनेशन उष्णतेने चिकटवतात, नंतर ते काढता येत नाही आणि आत कागद खराब होतो, असं तिचं म्हणणं. आता पत्र आम्लरहित कागदाच्या लिफाफ्यात, उजेडापासून लांब ठेवलंय, आणि बघायचं असेल तर बाबांना आधी हात धुवून यावं लागतं.