तालुक्याच्या कॉलेजातली मुलं पहिल्यांदाच मॉडेल युनायटेड नेशन्सला चालली आहेत. सहा आठवड्यांत तयारी कशी करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की आठ मुलं आहेत, परिषद पुण्यात आहे, मुलांना इंग्रजीची भीती वाटते आणि तुम्ही स्वतः एमयूएन कधी पाहिलेलं नाही. मीही पाहिलेलं नव्हतं. ही संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची सभा : प्रत्येक मुलाला एक देश मिळतो आणि त्याने त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलायचं, वाटाघाटी करायच्या, ठराव करायचा. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. पहिली तुकडी घेऊन गेलो तेव्हा माझी ठाम समजूत होती की ही इंग्रजीतली वक्तृत्व स्पर्धा, फक्त समोर देशाच्या नावाची पाटी असते. त्या समजुतीपायी काय झालं ते आधी सांगतो, बाकीची तयारी त्यातूनच निघते.

आपल्याकडे वक्तृत्वाची हौस दांडगी. शाळेपासून ढाली जिंकत आलेली मुलं प्रत्येक कॉलेजात असतातच. मी त्यातलीच चार निवडली. एकाला तुर्कस्तान मिळाला, विषय होता सीमा ओलांडणाऱ्या नद्यांचं पाणी. पोरगं मिरजेकडचं, २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी पाहिलेलं. उभा राहिला आणि नदी कुणा एकाच्या मालकीची नसते, वरच्या देशाने खालच्या देशाला तहानलेलं ठेवणं हा गुन्हा आहे, असं काही तळमळून बोलला की सभागृहाने बाकं वाजवली. मीही मागे बसून वाजवली. मग अध्यक्षस्थानी बसलेल्या मुलीने शांतपणे विचारलं, "तुर्कस्तानच्या प्रतिनिधींनी कृपया सांगावं, १९९७ च्या जलप्रवाह कराराच्या वेळी त्यांच्या देशाने मत कसं दिलं होतं?"

त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सीमा ओलांडणाऱ्या नद्यांचं पाणी देशांनी कसं वापरावं याचा तो करार. २१ मे १९९७ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यावर मतदान झालं, बाजूने १०३, विरोधात ३, तटस्थ २७. विरोधातले तीन देश म्हणजे चीन, बुरुंडी आणि तुर्कस्तान. टायग्रिस आणि फरात (युफ्रेटिस) या नद्या तुर्कस्तानात उगम पावतात आणि मग सीरिया, इराककडे जातात. अतातुर्क धरण भरायला सुरुवात करताना जानेवारी १९९० मध्ये तुर्कस्तानने फरातचा प्रवाह महिनाभर अडवला होता. त्यांचे मुत्सद्दी या नद्यांना 'आंतरराष्ट्रीय' म्हणायचंही टाळतात, 'सीमापार' म्हणतात, कारण पहिला शब्द मान्य केला की त्यामागून वाटणीचा हक्क येतो. आमच्या पोराने तुर्कस्तानच्या पाटीमागे उभं राहून इराकचं भाषण केलं होतं. पुढचे दोन दिवस तो जवळजवळ बोललाच नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं : मुलांना बोलायला शिकवण्याआधी आपल्याला न पटणाऱ्याची बाजू आपली म्हणून मांडायला शिकवा. सहा आठवड्यांतले पहिले दोन यातच घालवा, वाया जाणार नाहीत.

मी ते अलमट्टीवरून करतो, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणावरून, आमच्याकडे पुराचा दोष ज्याला देतात त्या. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना कर्नाटक द्यायचं, कर्नाटक सीमेकडची कुणी असतील तर त्यांना महाराष्ट्र. उरलेली आंध्र, तेलंगण आणि केंद्र सरकार. सगळं मराठीत. आकडे मी फळ्यावर लिहून ठेवतो : कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये मुभा दिली. बाकीचं मुलांनी शोधायचं. पहिला तास चिडचिडीत जातो. 'सर, हे बोलायला लाज वाटते' असं एका मुलीने मला सरळ तोंडावर सांगितलं होतं. मग हळूहळू ती विजापूर-बागलकोटकडच्या कोरड्या जमिनींबद्दल वाचायला लागते, बुडितात गेलेल्या गावांबद्दल वाचते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या तोंडून सहज 'आमच्या विजापूरला' असं निघतं. हा 'आमच्या' ऐकू आला की मी तो खेळ थांबवतो. त्या मुलीला पुढे कुठलाही देश द्या.

तुम्ही मराठवाड्यातल्या असाल तर जायकवाडी घ्या आणि मुलांना नाशिक-नगरच्या बाजूने उभं करा. समन्यायी पाणीवाटप हा शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकलाय, आता तो वरच्या धरणाच्या काठावरून ऐकू दे.

यानंतर देशाचा अभ्यास सोपा होतो. मुलं लोकसंख्या, राजधानी, चलन असलं काहीतरी वहीत उतरवून आणतात. ते बाजूला ठेवायला सांगा आणि मतदानाच्या नोंदी काढायला लावा. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात कोणत्या ठरावावर कोणी कसं मत दिलं हे फुकट मिळतं. त्याहून मोलाचं म्हणजे मताचं स्पष्टीकरण : मतदानाच्या आधी किंवा नंतर प्रतिनिधी उठून आपण असं मत का देतोय ते सांगतो, आणि ते बैठकीच्या शब्दशः इतिवृत्तात छापलेलं असतं. दोन पानी स्पष्टीकरणात देशाचं सगळं दुखणं कळतं. त्याच १९९७ च्या मतदानात इजिप्त आणि इथिओपिया दोघेही तटस्थ राहिले. नाईलच्या वरच्या अंगाचा देश आणि खालच्या अंगाचा देश, दोघांनाही तो करार गैरसोयीचा. भारत तटस्थ, पाकिस्तानही तटस्थ. 'का?' एवढंच विचारा आणि आठवडाभर सोडून द्या. या एका प्रश्नावर आमच्याकडे स्टाफरूममध्येसुद्धा दोन दिवस वाद चालला होता, अर्थशास्त्राचे सर अजून माझं ऐकत नाहीत.

एक सूचना, जी मला अलीकडे द्यावी लागते. मुलं भूमिकापत्र, म्हणजे विषयावर आपल्या देशाचं म्हणणं मांडणारा लेख, चॅटबॉटकडून लिहून घेतात. भाषा गुळगुळीत असते, पण अस्तित्वात नसलेल्या ठरावांचे क्रमांक त्यात बिनदिक्कत येतात, आणि परीक्षक मंडळाला ते पहिल्या मिनिटात कळतं. क्रमांक दिसला की मूळ कागद उघडून दाखवायचा, हा आमच्या वर्गातला नियम.

आता कामकाजाचे नियम. याची भीती फार असते आणि ती विनाकारण असते, कारण हे सगळं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालू आहे. साखर कारखान्याची वार्षिक सभा किंवा ग्रामसभा पाहिलेल्या मुलाला ठराव, सूचक, दुरुस्ती, हरकतीचा मुद्दा हे समजावून सांगावं लागत नाही. पॉइंट ऑफ ऑर्डर म्हणजे हरकतीचा मुद्दा, झालं. आमच्या दुसऱ्या तुकडीतली सगळ्यात तयार मुलगी वक्तृत्वाची नव्हतीच. तिचे वडील दूध संस्थेचे सचिव, आणि संस्थेच्या सभेची इतिवृत्तं ती दहावीपासून लिहीत होती. मसुद्यातली पळवाट तिला लांबून दिसायची.

फक्त दोन ठिकाणी आपला अनुभव फसवतो. एक, सिग्नेटरी म्हणजे अनुमोदक नव्हे. सही करणारा देश एवढंच म्हणतो की या मसुद्यावर चर्चा व्हावी. नंतर तो विरोधात मत देऊ शकतो. आमची मुलं सही द्यायला घाबरत होती, जणू काही कर्जाला जामीन राहायचं आहे. दोन, सुरुवातीच्या हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचं की 'प्रेझेंट अँड व्होटिंग' हे आधी ठरवून जा. दुसरं म्हटलंत तर मूळ ठरावावर तटस्थ राहता येत नाही. तुमच्या वाट्याला भारत आला आणि विषय युक्रेनचा असला तर हे लगेच अंगाशी येईल : २ मार्च २०२२ च्या आमसभेच्या ठरावावर १४१ बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ अशी मतं पडली, आणि भारत त्या पस्तीसांत होता.

खरं काम अनमॉडरेटेड कॉकसमध्ये होतं. अध्यक्ष पंधरा-वीस मिनिटं सभा मोकळी सोडतात, सगळे खुर्च्यांवरून उठतात, कोपऱ्याकोपऱ्यात घोळके जमतात. ढालीवाली मुलं इथे हरवतात. त्यांना समोरच्याला निरुत्तर करायची सवय असते, आणि निरुत्तर झालेला माणूस तुमच्या मसुद्यावर सही करत नाही. याची तालीम वर्गात करता येते. मी एक खोटा मसुदा देतो, सात कलमांचा, आणि सांगतो की वीस मिनिटांत दहापैकी सहा जणांच्या सह्या आणा. प्रत्येकाला एक कलम अजिबात मान्य नाही अशी चिठ्ठी गुपचूप दिलेली असते. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही. दोन-तीन खेपांनंतर मुलं 'तुम्हाला नक्की काय अडतंय?' असं विचारायला शिकतात, आणि मग कलम न काढता त्यातला एक शब्द बदलून भागतं. 'मागणी करते'च्या जागी 'आवाहन करते' आलं की तीन सह्या वाढतात. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात हे क्रियापदांचे दर्जे फार जपलेले असतात. आमसभेचे असे ठराव शिफारशीच असतात, सदस्य राष्ट्रांना बांधील ठरतील असे निर्णय सुरक्षा परिषद घेऊ शकते. आमसभेच्या समितीत बसून 'फौजा पाठवा' लिहिणारी मुलं दरवर्षी दिसतात. मसुदा लिहिताना आणखी एक गंमत : अख्खा ठराव एकच वाक्य असतो, पूर्णविराम शेवटी एकदाच. आमच्या मराठीच्या मॅडमना हे फार आवडलं.

इंग्रजीचं. पहिले तीन आठवडे सराव मराठीतच घ्या, विचार पक्का झाला की इंग्रजी आखूड वाक्यांत उतरतं. साठ ते नव्वद सेकंदांचं भाषण असतं, त्यात आठ-दहा वाक्यं मावतात. पाठ करू देऊ नका. मुद्द्यांची चिठ्ठी हातात असू दे. ठरलेली वाक्यं, म्हणजे प्रस्ताव मांडण्याची, वेळ मागण्याची, हरकत घेण्याची, वीसेक आहेत, ती मात्र तोंडात बसवा. मुलांना सांगा की खुद्द संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा आहेत आणि अर्धंअधिक जग तिथे दुभाष्याच्या भरवशावर बसतं. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी आमसभेत हिंदीतच बोलले होते. उच्चारावरून हसणारी मुलं पुण्यात भेटतील, ती सगळीकडे भेटतात.

छोटा देश मिळाला म्हणून तोंड पाडणारी मुलंही असतात. अमेरिका किंवा रशिया मिळावा असं सगळ्यांनाच वाटतं, वानुआतू कुणाला नको असतो. त्यांना ही हकीकत सांगा. वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला. तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ मुलांनी २०१९ मध्ये असा विचार मांडला की हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावं. त्यांच्या सरकारने तो उचलला, छोट्या देशांची मोट बांधली आणि २९ मार्च २०२३ ला आमसभेने तसा ठराव मतदान न घेता संमत केला. जुलै २०२५ मध्ये हेगच्या न्यायालयाने आपलं मत दिलंसुद्धा. ती पोरं तुमच्या-माझ्या मुलांएवढीच होती.

शेवटी ब्लेझरचं विचारलंय. घेऊ नका. इस्त्रीचा साधा शर्ट-पँट किंवा साडी, पंजाबी ड्रेस बहुतेक ठिकाणी चालतो. आयोजकांना आधी फोन करून विचारा. आम्ही दुसऱ्या वर्षी ओळखीतून हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांचे ब्लेझर उसने आणले, आणि खिशावरचा काटा-चमच्याचा बिल्ला उसवायचा राहून गेला. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ब्राझीलच्या प्रतिनिधीने आमच्या केनियाला पाण्याची बाटली आणायला सांगितली. केनियाने आणून दिली, शेजारी बसली आणि बाटली संपेपर्यंत मसुद्यावर ब्राझीलची सही घेतली.