'प्रारूप' खोडा, 'प्रतिमान' लिहा

राजारामपुरीच्या जीवशास्त्राच्या एक शिक्षिका विचारतात : एचआयव्हीच्या 'मॅथेमॅटिकल मॉडेल'ला 'गणिती प्रारूप' म्हणावं की 'प्रतिमान'? आणि उपचार सुरू झाल्यावरच्या 'इम्यून रिकव्हरी'ला मराठीत काय?

मॅडम, 'प्रारूप' आधी खोडा. कोल्हापुरात हा शब्द कुठं भेटतो? 'प्रारूप प्रभागरचना जाहीर, हरकती-सूचना मागवल्या.' प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा. विषाणूच्या समीकरणांवर काय हरकती मागवायच्या? परवा एका व्याख्यानात तर 'गणिती आदर्श' ऐकलं. मॉडेल स्कूल म्हणजे आदर्श शाळा, म्हणून समीकरणंही आदर्श!

'प्रतिमान'च बरोबर. यातला 'मान' मानपानातला नव्हे, तो 'मन्' धातूचा. हा 'मा' धातूचा, म्हणजे मोजणं. त्याचं गोत तर बघा : प्रमाण, परिमाण, अनुमान, माप, प्रतिमा. महिना मोजणारा मास त्यातला. औषधाची मात्रा त्यातली आणि 'के'वरची मात्राही त्यातलीच. आपलं घरगुती 'मावणं'सुद्धा तिथलंच. जे मापात बसलं ते मावलं. 'प्रतिकृती' सुचवणारे विद्वान नेमके इथं घसरतात. प्रतिकृतीत 'कृ' आहे, ती हुबेहूब घडवायची असते. प्रतिमान दिसायला कसंही असो, त्यानं मोजता आलं पाहिजे.

आणि मोजलंच की! रक्तातली विषाणूची पातळी वर्षानुवर्षं जवळपास स्थिर दिसे, त्यामुळे तो आत निवांत असावा असा समज होता. १९९५-९६ मध्ये डेव्हिड हो, ॲलन पेरेल्सन आणि सहकाऱ्यांनी औषध दिल्यावर ती पातळी कशी कोसळते ते समीकरणांत बसवलं. हिशेब निघाला तो असा : रक्तातल्या विषाणूचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे नाहीसे व्हायला लागणारा वेळ, सुमारे ६ तास, बाधित पेशीचं सुमारे १.६ दिवस आणि रोज तयार होणारे विषाणुकण हजार कोटींच्या घरात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा दिवसभर ३९ फुटांवर राहिली म्हणून नदी थांबली असं कुणी म्हणतं का? येतंय तेवढंच जातंय. नुसती पातळी बघून हे कळत नाही. प्रतिमानात मात्र ते मावतं.

हां, रिकव्हरी राहिलीच. 'पूर्ववत होणं' नको. औषधं सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत रक्तातल्या सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, भरभर वाढलेल्या दिसतात. पण त्यांतल्या बऱ्याच लसिकाग्रंथींत अडकून पडलेल्या, रक्तात परतलेल्या जुन्याच असतात. नव्या पेशींची भर संथपणे, वर्षानुवर्षं पडत राहते. उपचार उशिरा सुरू झाले तर पुष्कळदा मूळचा आकडा गाठलाच जात नाही. म्हणून 'प्रतिकारशक्ती सावरणं' म्हणा. 'पुनर्स्थापना' पुतळ्यांसाठी राहू दे.