मधुमेह, तुमचे प्रश्न : रात्री शुगर उतरते तेव्हा

प्रश्न : ह्यांचं वय ६८. सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात रात्री अडीचच्या सुमारास दोनदा शुगर उतरली, एकदा तर ४८. तेव्हापासून मला झोप नाही, सारखा हात लावून अंग ओलं झालंय का ते बघते. हेही धास्तीने झोपताना दोन बेसनाचे लाडू खातात. आता सकाळी उपाशीपोटी २२० येते. काय चुकतंय?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : लाडवांची गोष्ट डॉक्टरांना सांगितली आहे का? नसेल, तर ते २२० बघून संध्याकाळचा डोस वाढवतील, रात्री शुगर आणखी उतरेल आणि दोनाचे तीन लाडू होतील. हे चक्र डोसच्या बाजूनेच तोडावं लागतं.

मिक्स इन्सुलिनमध्ये लवकर आणि हळू काम करणारं अशी दोन इन्सुलिनं असतात. त्यातला हळू काम करणारा गढूळ भाग टोचल्यानंतर साधारण चार ते बारा तास जोरात असतो. आठला टोचलं की मध्यरात्र ते पहाट हीच त्याची वेळ. त्यात जेवण कमी झालं किंवा शतपावलीऐवजी मोठा फेरा झाला, की अडीचला घाम फुटतो. ग्लिमेपिराइडचा असर जवळजवळ दिवसभर राहतो आणि मूत्रपिंड मंदावलं असेल तर दोन्ही औषधं अंगात रेंगाळतात. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलेलं हवं.

५४ च्या खालचा आकडा गंभीर धरतात. त्यामुळे पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच फोन करा. तोपर्यंत झोपताना आणि रात्री तीनला मोजून आकडे वहीत लिहा, शेजारी काय खाल्लं तेही. लाडू मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका; डोस तोच ठेवून लाडू गेले तर तीच रात्र पुन्हा येईल. गोळी आणि संध्याकाळचं इन्सुलिन दोन्ही हवीत का, आणि ‘तीन महिन्यांची सरासरी (HbA1c, ही टक्क्यांत असते) ७ च्या आत’ हा आग्रह या वयात सैल करता येईल का, हे स्पष्ट विचारा. वारंवार शुगर उतरणाऱ्या ज्येष्ठांना ८ पर्यंतची मुभा अनेकदा दिली जाते.

एक बारीक गोष्ट, जी फार घरांत राहून जाते. मिक्स इन्सुलिन टोचण्याआधी तळहातांमध्ये दहा वेळा फिरवून दहा वेळा उलटंसुलटं करायचं. तळाशी साका राहिला तर एका दिवशी कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त जातं. कुपी वापरत असाल तर कुपीवर ४० (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) आणि सिरिंजवरही ४० लिहिलेलं आहे ना, हे दर वेळी बघा. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट डोस जातो.

उशाशी ग्लुकोज पावडर, चमचा, पाणी आणि मीटर ठेवा. ७० च्या खाली आली की तीन भरलेले चहाचे चमचे (सुमारे १५ ग्रॅम) अर्धा पेला पाण्यात द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. वर आल्यावर अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं. लाडू, पेढा, चॉकलेट या वेळी नको, तुपामुळे साखर उशिरा चढते. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : मला टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन बनत नाही, टोचावंच लागतं). रोज दुचाकीवरून हडपसर ते हिंजवडी. ट्रॅफिकमध्ये शुगर उतरेल या भीतीने ती मुद्दाम २०० च्या वर ठेवतो.

उत्तर : भीती खरी आहे, पण रोज २०० ची किंमत डोळे आणि मूत्रपिंडं मोजतात. निघण्याआधी मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खा. ७० च्या खाली असेल तर गाडी काढूच नका. साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटं थांबा, मेंदू तेवढा मागे असतो. ग्लुकोज शर्टाच्या खिशात ठेवा, डिकीत नाही. वाटेत थरथर जाणवली तर कडेला घेऊन किल्ली काढा. ऑफिसात निदान एका सहकाऱ्याला काय करायचं ते दाखवून ठेवा.

प्रश्न : संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबते. मध्ये थरथर सुटली तर गूळ-पाणी घेते, तरी अर्धा तास बरं वाटत नाही. गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज आहे.

उत्तर : कारण व्होग्लिबोज. ते आतड्यात साखर-गुळाचं विघटन थांबवतं, म्हणून गूळ पोटात जाऊनही रक्तात लवकर पोचत नाही. तुमच्याजवळ ग्लुकोज पावडरच हवी. ती नसेल तर एक मोठा चमचा मध. थरथर सुटली की आधी मोजा; ७० च्या खाली असेल तर उपवास तिथेच सोडा. उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडची गोळी कधी आणि किती, हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवा. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा उतरत नाही, ग्लिमेपिराइडने उतरते.