रात्री अकराला माती हातात घेणारीला

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. घरचं आवरून, आजीचं औषधपाणी करून मातीला हात लावायला रात्रीचे अकरा वाजतात आणि मग वाटतं आपण कसल्या आर्टिस्ट, हा नुसता छंद. अगं, असं वाटलं ना की मला मारिया मार्टिनेझ आठवते.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सांता फे शहरापासून जवळच सान इल्देफोन्सो नावाचं प्वेब्लो लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, गाव आहे, तिथली ही बाई, १९८० मध्ये गेली. मडकी करायला ती घरातल्या मोठ्या बायकांकडे बघून शिकली. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, सुक्या भोपळ्याच्या तुकड्याने खरवडून भिंत सारखी करायची, आणि मग घोटणं. हे घोटणं नीट समजून घे. वरून पातळ मातीचा हात द्यायचा आणि तो ओलसर आहे तोवरच गुळगुळीत गोट्याने घासत राहायचं, मधे उठलीस आणि वाळलं तर सगळं खरवडून परत पहिल्यापासून. हे गोटे आईकडून मुलीकडे जातात, लोक ते जिवापाड जपतात. माती खणायच्या आधी मक्याचं पीठ वाहून प्रार्थना करतात, कारण माती त्यांना आई.

भाजायला गोवऱ्याच, आपल्यासारख्या! शेवटी जाळावर घोड्याची लीद भुरभुरून तो कोंडायचा, की धुरात लाल माती काळी कुळकुळीत होते. १९१९ च्या सुमाराला मारिया आणि तिचा नवरा जूलियन यांनी काळ्यावर काळी नक्षी उठवायची युक्ती शोधली, घडवायचं आणि घोटायचं तिने, रंगवायचं त्याने. १९४३ मध्ये तो गेला, तर सून सांताना नक्षी काढायला बसली. म्हणजे स्टुडिओबिडिओ काही नाही, घरातलीच माणसं. भांड्यावर सहीसुद्धा आधी नसायची. बाहेरचे गिऱ्हाईक मागायला लागले म्हणून ती करायला लागली, आणि सहीमुळे जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर शेजारणींच्या भांड्यांवरही तिने आपलंच नाव घातलं. मला तिची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, खरंच.

त्यांच्या तेवा भाषेत 'कला' असा वेगळा शब्दच नाही असं तिथले कलाकार सांगतात. भिंत लिंपणं, मका दळणं, मडकं घडवणं, सगळं एकाच जगण्यातलं.

म्हणून सांगते, मोकळा वेळ आणि वेगळी खोली मिळेल याची वाट बघू नकोस. संध्याकाळी आजीजवळच पाट मांड, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन वळ्या चढव, ओलं फडकं टाकून ठेव आणि जेवायला उठ. घोटायचं काम मात्र आजी झोपल्यावरच काढ, ते मधे सोडता येत नाही. आणि आजीच्या हाताला काम लागतं म्हणालीस ना, तिला माती मळायला दे.

रविवारी ये. माझ्याकडे दोन गोटे आहेत, त्यातला जुना तुला देते.

तुझी
ताई