‘पूर्ण’ या एका शब्दावर सगळं अडलंय

गोव्याच्या प्रो लीगमध्ये खेळणाऱ्या एका फुटबॉल क्लबच्या मानद चिटणिसांचं पत्र २१ मार्चला आलं. चार पानांच्या पत्रातला मुख्य प्रश्न एका ओळीचा आहे: ‘आमचा स्ट्रायकर सोडून चाललाय, त्याला कायद्याने कसं अडवता येईल?’ गेल्या दोन वर्षांत असा प्रश्न मला कोल्हापूरहून, मुंबईहून आणि गोव्यातूनच आणखी तीनदा आला. नावं बदलतात, गोष्ट तीच असते. म्हणून चिटणिसांना त्याच दिवशी फोनवर उत्तर दिलं आणि त्यांच्या परवानगीने, ओळख न देता, इथेही लिहितो आहे.

हकिगत थोडक्यात अशी. मुलगा क्लबच्याच अकादमीत वाढलेला, आता बावीस वर्षांचा. करार पुढच्या वर्षीच्या ३१ मेपर्यंत. क्लबने ठरवलेली पगाराची कमाल मर्यादा महिना साठ हजार, कुणालाही त्याहून जास्त नाही. गेल्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या क्लबने त्याच्याकडे विचारणा केली, तेव्हा अध्यक्षांनी त्याला वेगळं पत्र दिलं: चार लाख रुपये ‘निष्ठा बोनस’, दोन हप्त्यांत. इतर खेळाडूंना कळू नये म्हणून ही रक्कम अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नोंदवलेल्या करारात घातली नाही. पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये दिला. ३१ डिसेंबरचा दुसरा हप्ता राहिला. मग प्रायोजकाचे पैसे अडकले आणि जानेवारी-फेब्रुवारीचा पगारही थकला. १० मार्चला खेळाडूने ईमेलने नोटीस पाठवली. चिटणीस लिहितात, ‘ईमेल मी त्याच दिवशी पाहिला, पण मोसम संपल्यावर बसून बोलू म्हणून उत्तर दिलं नाही.’

याच वाक्यावर मी फोनवर आवाज चढवला. तीन लाखांची देणी अंगावर असताना नोटीस वाचून अकरा दिवस गप्प बसायचं आणि बाराव्या दिवशी वकिलाला विचारायचं की दुसऱ्याला कसं अडवू!

त्यांच्या पत्रात सहा प्रश्न आहेत. दुसऱ्या क्लबकडे जायला लागणारा ना-हरकत दाखला रोखता येईल का, एक कोटीची सुटका रक्कम (मुदतीआधी करार सोडण्यासाठी करारात लिहिलेला आकडा) वसूल होईल का, दुसऱ्या क्लबच्या प्रस्तावाची बरोबरी करण्याचा आमचा हक्क चालेल का, वगैरे. यांतला एकही प्रश्न आज महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं आहे ते त्यांच्याच कराराचं नववं कलम. त्याचा फोटो मी मागवून घेतला. त्यात लिहिलंय: दोन महिन्यांचं वेतन ठरल्या तारखेला मिळालं नाही तर खेळाडूने लेखी नोटीस द्यावी, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत क्लबने देणी पूर्ण चुकती केली नाहीत, तर खेळाडूला योग्य कारणास्तव करार संपवता येईल.

हे कलम कुणी घरी बसून लिहिलेलं नाही. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या खेळाडू-बदली नियमावलीत १ जून २०१८ पासून कलम १४ बिस (म्हणजे चौदाव्यानंतर जोडलेलं कलम) आलं, त्याचा हा जवळजवळ शब्दशः उतारा आहे. त्याआधी पगार किती थकला की खेळाडू बाहेर पडू शकतो, यावर प्रत्येक प्रकरणात नव्याने वाद व्हायचा. आता आकडा ठरलेला आहे: दोन महिने थकबाकी, किमान पंधरा दिवसांची मुदत. दोन्ही बाजू भारतातल्याच असतील तर महासंघाची नियमावली पाहावी लागते आणि तपशिलात फरक निघू शकतो. पण इथे कलम करारातच लिहिलेलं असल्याने त्या फरकावर भिस्त ठेवू नका, असं मी त्यांना सांगितलं.

आता तारखा पाहा. करारानुसार पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा. म्हणजे जानेवारीचा ७ फेब्रुवारीला आणि फेब्रुवारीचा ७ मार्चला थकला. नोटीस १० मार्चची. दुसरा पगार थकल्यावर तीन दिवसांत, कलमाचा क्रमांक देऊन, तिन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून. मुलाला कुणीतरी चांगला सल्ला दिला आहे. नोटीस मिळाल्याचा दिवस सोडून मोजलं तर पंधरावा दिवस २५ मार्च. काहीजण म्हणतील, ईमेलची नोटीस चालते का? करारात पत्रव्यवहारासाठी क्लबचा तोच ईमेल दिलेला आहे आणि चिटणिसांनी तो वाचल्याचं स्वतः मला लिहून कळवलं आहे. त्या मुद्द्यावर भांडण्यात एक दिवसही घालवू नये.

चिटणिसांचा बेत होता की आत्ता एका महिन्याचे साठ हजार टाकू, म्हणजे ‘दोन महिने थकबाकी’ राहणार नाही आणि नोटीस आपोआप बाद होईल. हाच बेत मी इतर क्लबांकडूनही ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. नोटीस देण्याचा हक्क दोन महिने थकल्यावर निर्माण होतो. एकदा ती रीतसर दिली, की पंधरा दिवसांत काय करायचं ते कलमात वेगळं सांगितलंय: देणी ‘पूर्ण’ चुकती करायची. अर्धी नाही, हप्त्याने नाही, ‘बाकी हिशेब नंतर’ म्हणून नाही. साठ हजार टाकून २६ मार्च उजाडला, तर साठ हजारही गेले आणि खेळाडूही गेला. शिवाय ते पैसे भरणं म्हणजे थकबाकी कबूल केल्यासारखं होतं.

मग पूर्ण म्हणजे किती? दोन पगार मिळून एक लाख वीस हजार. बोनसचे दोन लाख धरायचे की नाहीत, यावर मात्र मी ठाम बोलणार नाही. ते पत्र नोंदणीकृत कराराचा भाग नाही, त्यात बोनस कशाबद्दल आहे हे धड लिहिलेलं नाही, आणि असे वाद ऐकणाऱ्या महासंघाच्या समितीसमोर त्याचं काय होईल हे समितीवर आहे. पण पत्र क्लबच्या लेटरहेडवर आहे, अध्यक्षांची सही आहे, पहिला हप्ता बँकेतून गेला आहे. साध्या करार कायद्याने ते क्लबला बांधतं, यात मला शंका वाटत नाही. महासंघाकडे नोंदवलं नाही ही चूक क्लबची. तिचा फायदा क्लबलाच द्यायला कोण तयार होईल? नोटिशीत तिन्ही रकमा आहेत. म्हणून माझं सांगणं: तीन लाख वीस हजार, कायदेशीर कर कापून, २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत त्याच्या पगाराच्या खात्यात जमा. २५ ला नाही, २४ ला. बँकेचं सर्व्हर, सही करणाऱ्या खजिनदारांचं लग्नकार्य, चुकलेला खाते क्रमांक, यातलं काहीही एक दिवस खातं. रोख देऊन व्हाउचरवर सही घ्यायची नाही. कर कापल्याचा हिशेब त्याच दिवशी ईमेलला जोडून पाठवायचा, म्हणजे ‘पूर्ण’ या शब्दावर नवा वाद निघणार नाही.

पत्राच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य ओझरतं आलंय, ते मला थकबाकीइतकंच घातक वाटलं. नोटिशीनंतर प्रशिक्षकांनी त्या मुलाला संघाच्या चारच्या सरावातून काढलं. तो सकाळी सात वाजता एकटा येतो, मैदानाला फेऱ्या मारतो, गोलरक्षक नसलेल्या गोलमध्ये चेंडू मारतो आणि माळी गेट लावतो तेव्हा घरी जातो. चिटणिसांना यात काही वावगं वाटलेलं नाही. पण करार मोडायला किंवा अटी बदलायला भाग पाडण्यासाठी केलेली वागणूक हे फिफाच्या नियमांत करार संपवण्याचं स्वतंत्र योग्य कारण आहे. म्हणजे २४ ला सगळे पैसे भरले तरी दुसरं दार तुम्हीच उघडं ठेवलंत. फोन ठेवण्याआधी मी त्यांच्याकडून वचन घेतलं की दुसऱ्या दिवशी तो चारच्या सरावाला असेल आणि तसा निरोप लेखी जाईल.

बाकीचे प्रश्न आता भराभर घेतो. ना-हरकत दाखला रोखण्याने मोसमातले काही आठवडे मिळतील, त्यापलीकडे काही नाही. आणि करार योग्य कारणाने संपला असेल तर रोखणंच अंगाशी येईल. एक कोटीची सुटका रक्कम: स्पेनमध्ये अशी रक्कम म्हणजे थेट किंमत असते, २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो भरले गेले. आपल्याकडे करार कायद्याचं कलम ७४ आहे. करारातला आकडा ही फक्त वरची मर्यादा, तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते, आणि महिना साठ हजाराच्या खेळाडूवर एक कोटी वाजवी कसे हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल. तेही करार त्याने मोडला असेल तर. क्लबच्या थकबाकीमुळे तो गेला, तर मागण्याचा हक्क त्याचा.

प्रस्तावाची बरोबरी करण्याच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि तो आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणातला आहे. त्याच्या व्यवस्थापन कंपनीशी झालेल्या करारात अट होती की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाशी करार करण्याआधी पहिली संधी या कंपनीला द्यायची. २००६ मध्ये न्यायालयाने ती अट करार कायद्याच्या कलम २७ खाली (धंदा-व्यवसायाला अडवणारी अट रद्द) टिकू दिली नाही: करार चालू असताना बंधन घालता येतं, संपल्यानंतर ते माणसाच्या मागे पाठवता येत नाही. तुमची अट शब्दांनी थोडी वेगळी आहे, पण तिच्यावर मी पैज लावणार नाही.

आणि दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम? माणसाच्या व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेलं काम न्यायालय जबरदस्तीने करून घेत नाही. कराराच्या मुदतीत दुसरीकडे न खेळण्याची अट अंमलात आणता येते, पण ती मागणाऱ्याने आपली बाजू आधी पाळलेली असावी लागते. पगार थकवलेला क्लब हे कोणत्या तोंडाने मागणार? त्यात वेळ. माझ्याकडे एका बचावपटूचं प्रकरण होतं. अर्ज केला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पहिली तीन वर्षं हद्द कुठल्या न्यायालयाची यावरच गेली. शेवटी समेट झाला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झालेला आणि क्लब विसर्जित. फुटबॉलपटूच्या हातात दहा-बारा वर्षं असतात. त्यातली पाच तारखांमध्ये गेली, हे आठवलं की मला अजून राग येतो. महासंघाची खेळाडू दर्जा समिती त्या मानाने लवकर निर्णय देते, पण तो टिकेलच असं नाही. करार मोडून क्लब बदलल्याचा ठपका आलेल्या फुटबॉलपटू अन्वर अलीच्या प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२ कोटी ९० लाखांची भरपाई ठरवली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर काही दिवसांतच नव्याने सुनावणी घ्यायची वेळ आली.

तारीख चुकली की मोठ्यांचंही चालत नाही. मेस्सीच्या बार्सिलोनाशी असलेल्या करारात मोसमाअखेर फुकट बाहेर पडण्याची सोय होती. क्लबचं म्हणणं, ती १० जून २०२० पर्यंतच वापरायची होती. कोविडमुळे मोसमच ऑगस्टपर्यंत लांबला होता, म्हणून मेस्सीने २५ ऑगस्टला नोंदणीकृत फॅक्सने कळवलं. क्लबने तारखेवर बोट ठेवलं: मुदत गेली, आता ७० कोटी युरो. ज्या क्लबने आपल्याला घडवलं त्याला कोर्टात खेचायचं नाही म्हणून तो थांबला. पुढच्या वर्षी करार संपला, दोघांनाही पुढे चालू ठेवायचं होतं, आणि ५ ऑगस्ट २०२१ ला क्लबनेच जाहीर केलं की जमत नाही. स्पॅनिश लीगच्या पगार-मर्यादेत त्याची नोंदणी बसेना, कारण आधीच्या वर्षांत केलेल्या करारांनी पगाराचा बोजा उत्पन्नाच्या वर नेला होता.

तुमच्या क्लबचा आकार त्याच्या हजाराव्या भागाचा असेल, पण दुखणं त्याच जातीचं आहे. बावीस खेळाडू, महिना साडेआठ लाख पगार, साठ हजारांची मर्यादा. ही मर्यादा चांगली होती, मी तिच्या बाजूचा आहे. एकाला दोन लाख आणि बाकीच्यांना तीस हजार दिले की ड्रेसिंग रूममध्ये काय होतं ते मला माहीत आहे. पण मर्यादा पाळायची नव्हती तर ती उघडपणे बदलायची होती. मूळ पगार सगळ्यांना एका पट्ट्यात, त्यावर खेळलेल्या सामन्यांचे आणि गोलांचे पैसे, अकादमीतून आलेल्याला दरवर्षी ठरलेली वाढ, मोठ्या क्लबकडे गेला तर किती रक्कम आणि पुढच्या विक्रीत आपला किती टक्के वाटा, हे सगळं नोंदणीकृत करारात बसतं आणि कुणापासून लपवावं लागत नाही. अध्यक्षांच्या खिशातल्या पत्राने तुम्ही स्ट्रायकर टिकवला नाहीत, सहा महिने उसने घेतलेत. आणि ते पत्र आता संघातल्या किमान पाच जणांना माहीत आहे, असं तुम्हीच लिहिता.

आता २४ ला पैसे गेल्यावर काय? करार टिकेल. मुलगा राहील की नाही हे वेगळं आहे. करार संपायला चौदा महिने आहेत. शेवटचे सहा महिने उरले की तो कुणाशीही पुढचा करार करायला मोकळा आहे. म्हणजे खरी बोलणी करायला तुमच्याकडे नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. त्याला आणि त्याच्या वडिलांना बोलवा. त्यांचा वकील असेल तर त्यालाही बोलवा, वाईट वाटून घेऊ नका. देता येईल तेवढाच आकडा बोला. देता येत नसेल तर दुसऱ्या क्लबशी रकमेचं बोला. करार जिवंत असतानाच त्याला किंमत आहे.

हे लिहून झाल्यावर चिटणिसांचा फोन आला. दोन्ही पगार जमा झालेत. बोनसच्या दोन लाखांसाठी अध्यक्ष तयार नाहीत, ‘ते पत्र मी आपुलकीने दिलं होतं’ म्हणतात. आज २३ तारीख आहे. अध्यक्षांचा नंबर मी मागून घेतला आहे. आज रात्री त्यांच्याशी मीच बोलतो.