विल्यम महोन वाचताना

बाळ, अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरची नोकरी सोडून राजकारणात उतरायचं म्हणतोस. जरूर उतर. पण आधी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या विल्यम महोनचं चरित्र वाच, आणि अख्खं वाच.

1850 च्या दशकात त्याने नॉरफोक ते पीटर्सबर्ग रेल्वे बांधली. वाटेत ग्रेट डिस्मल नावाची दलदल, कितीही माती टाका, गिळून टाकायची. त्याने झाडांचे ओंडके आडवे-उभे रचून जाळी अंथरली आणि वर भराव घातला. तिथून आजही मालगाड्या जातात. तिथल्या रेल्वेकामांवर तेव्हा गुलाम राबत, हे विसरू नकोस. यादवी युद्धात तो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती होता. 30 जुलै 1864 ला पीटर्सबर्गजवळ त्याच्या तुकडीने प्रतिहल्ला केला, तेव्हा शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनाही मारण्यात आलं. या गोष्टीला माझ्याकडे माफी नाही.

युद्धानंतर त्याने तीन रेल्वे एकत्र करून मोठी कंपनी उभारली. 1873 च्या मंदीत व्याज थकलं आणि कंपनी हातची गेली. राज्याचीही तीच गत होती. जुन्या कर्जाचं व्याज भागवायला शाळांचा पैसा वळवला जात होता, शाळा बंद पडत होत्या. कर्ज कमी करून घ्या, असं म्हणणाऱ्या रीॲडजस्टर पक्षाचा तो नेता झाला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मतदारांनी मिळून हा पक्ष निवडून दिला. महोन 1881 मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये गेला. इकडे राज्यात मतदानाची अट असलेला डोईपट्टीचा कर गेला, चाबकाच्या शिक्षेचा खांब गेला, 1882 मध्ये कर्ज घटवणारा कायदा झाला. त्याच्या बुडालेल्या रेल्वेतला राज्याचा हिस्सा विकून आलेल्या पैशातले 1,00,000 डॉलर पीटर्सबर्गजवळ कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या कॉलेजला मिळाले. आज ते व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे.

1883 च्या निवडणुकीच्या तोंडावर व्हर्जिनियातल्याच डॅनव्हिल शहरात गोळीबार झाला, भीती पसरवली गेली आणि पक्ष हरला. कॉलेज मात्र टिकलं.

माझ्या मते हिशेब वाचायची सवय हीच त्याची खरी पुंजी. म्हणून भाषणं नंतर. आधी तुझ्या जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प मागव आणि शिक्षणाचं पान काढ: मंजूर किती, खर्च किती, उरलेला पैसा कुठे वळवला. ते घेऊन ये, मग बसून बोलू.

तुझा,
काका