'हेलिओस्टॅट'ला 'सूर्यानुगामी आरसा' म्हणावे का?

सौर मनोऱ्याच्या वीज प्रकल्पात जमिनीवरचे अनेक फिरते आरसे, म्हणजे हेलिओस्टॅट, सूर्यप्रकाश मनोऱ्यावरील एका लक्ष्यावर टाकतात. अशा प्रकल्पाची भूमिती सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरला कशी सांगायची, याची मराठी माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एका अभियंत्यांनी विचारले आहे की, 'हेलिओस्टॅट'ला 'सूर्यानुगामी आरसा' म्हटले तर चालेल का, आणि ॲझिमथ, अल्टिट्यूड, नॉर्मल, टिल्ट, शेडिंग व ब्लॉकिंग यांसाठी मराठीत कोणते शब्द घ्यावेत.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'नाही' असे आहे. 'सूर्यानुगामी' म्हटले की सूर्याकडे तोंड करून त्याच्या मागोमाग फिरणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. फिरत्या सौर पॅनेलला हे वर्णन शोभते, आणि लातूरच्या महानंद डेअरीत बसवलेल्या १६० चौरस मीटरच्या 'अरुण' तबकडीसारख्या अन्वस्ताकार (पॅराबोलिक) तबकडीलाही ते लागू पडते. हेलिओस्टॅट मात्र सूर्य आणि मनोरा यांच्या मधोमध तोंड करतो, म्हणजे आरशापासून सूर्याकडे आणि मनोऱ्यावरील लक्ष्याकडे जाणाऱ्या दोन दिशांमधला कोन जी रेषा दुभागते तिच्या रोखाने तो वळलेला असतो. आरसा फिरतो तो परावर्तित किरण हलू नये म्हणून. ग्रीक नावातही 'हेलिओस' म्हणजे सूर्य आणि 'स्टॅटोस' म्हणजे स्थिर असेच घटक आहेत. म्हणून 'स्थिरबुद्धी'च्या धर्तीवर 'स्थिरकिरण आरसा' हा बहुव्रीही समास मी सुचवीन. शिर्डीच्या प्रसादालयावरील ७३ शेफलर तबकड्या मात्र याहून वेगळ्या आहेत. त्यांचा अक्ष खरोखरच सूर्यामागे फिरतो, पण नाभी, म्हणजे किरण एकवटण्याचा बिंदू, जागेवर राहते, त्यामुळे त्यांना 'स्थिरनाभी तबकडी' म्हणणे योग्य होईल. आज्ञावलीत आणि तक्त्यांत 'हेलिओस्टॅट' हाच शब्द ठेवावा, कारण अभियंते दिवसभर तोच वापरतात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते आकड्यांवरून कळते. मनोऱ्याच्या उत्तरेस १०० मीटरवर एक आरसा आहे आणि त्याच्या पातळीपासून लक्ष्य १०० मीटर उंचावर आहे, असे समजू. आरशावरून पाहता लक्ष्य दक्षिणेकडे ४५ अंशांच्या उंचीवर दिसेल. मध्यान्ही सूर्य दक्षिणेला ६० अंशांवर असेल, तर आरशाची लंबरेषा ५२.५ अंशांवर यायला हवी, आणि आपतन कोन, म्हणजे सूर्यकिरण व लंबरेषा यांमधला कोन, अवघा ७.५ अंश भरतो. 'सूर्यानुगामी' या शब्दावर विसंबून कोणी ती रेषा थेट ६० अंशांवर नेली, तर सगळा प्रकाश आल्या वाटेने सूर्याकडेच परत जाईल. हाच आरसा मनोऱ्याच्या दक्षिणेस तेवढ्याच अंतरावर ठेवला, तर आपतन कोन ३७.५ अंश होतो आणि आरशाच्या पृष्ठभागापैकी जेमतेम ७९ टक्के भाग सूर्यप्रकाश झेलण्याच्या कामी येतो. उत्तरेकडच्या आरशासाठी हेच प्रमाण ९९ टक्के आहे. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ २००७ साली सुरू झालेल्या 'पीएस १०' प्रकल्पाचे ६२४ हेलिओस्टॅट मनोऱ्याच्या उत्तरेकडे पसरलेले आहेत, ते याच हिशेबाने.

या लंबरेषेला, म्हणजे नॉर्मलला, आपल्या शालेय विज्ञानात 'स्तंभिका' हा रूढ शब्द आहे आणि तोच घ्यावा. मात्र मग आरशाच्या आधाराला 'स्तंभ' म्हणू नये, त्याला 'खांब' म्हणावे आणि टॉवरला 'मनोरा', म्हणजे एकाच परिच्छेदात स्तंभ आणि स्तंभिका यांची गल्लत होणार नाही.

ॲझिमथसाठी, म्हणजे क्षितिजावर मोजलेल्या दिशेच्या कोनासाठी, 'दिगंश' आणि अल्टिट्यूडसाठी, म्हणजे क्षितिजापासून वर मोजलेल्या कोनासाठी, 'उन्नतांश' हे खगोलाच्या पुस्तकांतले शब्द नेमके आहेत. खस्वस्तिकापासून, म्हणजे आकाशातल्या बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, मोजलेला कोन तो 'नतांश', आणि नतांश व उन्नतांश यांची बेरीज नेहमी ९० अंश असते. दिगंशाचा आरंभ कोठून, हे मात्र दर वेळी लिहायलाच हवे. काही ग्रंथ तो उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात, तर सौर अभियांत्रिकीतले काही ग्रंथ दक्षिणेपासून पश्चिम धन धरून मोजतात. महाराष्ट्रात ही बाब विशेष जाचक ठरते, कारण इथे उन्हाळ्यात काही आठवडे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. शून्य सावलीच्या दिवशी तर तो खस्वस्तिकाजवळून जाताना दिगंश काही मिनिटांतच पूर्वेकडून पश्चिमेकडे झेपावतो आणि ऐन माथ्यावर त्याला अर्थच उरत नाही.

टिल्टसाठी 'कल' पुरेसा आहे, पण तो आडव्या पातळीपासून मोजला की उभ्या, हेही सांगावे. वरच्या उदाहरणातल्या उत्तरेकडच्या आरशाचा आडव्यापासूनचा कल ३७.५ अंश, म्हणजे स्तंभिकेच्या नतांशाइतकाच, येतो.

शेडिंग आणि ब्लॉकिंग यांत फरक एवढाच की, पहिल्यात शेजारचा आरसा सूर्य व आपला आरसा यांच्या मध्ये येतो आणि दुसऱ्यात आपला आरसा व मनोरा यांच्या मध्ये. मराठीत पहिल्याला 'सावली पडणे' आणि दुसऱ्याला 'आड येणे' असे सहज म्हणतात, त्यावरून 'सावलीची तूट' आणि 'आडोशाची तूट' असे शब्द करावेत. मनोऱ्यावर प्रकाश झेलणाऱ्या रिसीव्हरसाठी मात्र 'ग्राहक' कटाक्षाने टाळावे, कारण वीज प्रकल्पाच्या पुस्तिकेत तो शब्द वीज विकत घेणाऱ्यासाठीच वाचला जाईल. तिथे 'ग्राही' वापरावे.